दूध वर येईपर्यंत

गेल्या साडेतीन महिन्यांत आमच्या घरात दोन गोष्टी घडल्या. एक म्हणजे दूध फक्त एकदाच उतू गेलं. आधी आठवड्यातून दोनदा तरी जायचं. दुसरी म्हणजे चौथीतली आमची लेक हातच्याची वजाबाकी करायला लागली. आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी थेट संबंध आहे! हे मी ऑफिसात सांगून झालं, रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्यांना सांगून झालं, केस कापताना मान खाली घालूनही सांगून झालं. बायको म्हणाली, "बास करा आता, लोक तुम्हाला बघून वाट बदलायला लागलेत." म्हणून लिहायला बसलोय. कागद तरी पळून जात नाही.

आमच्याकडं गणित रविवारी असायचं. सकाळी मिसळ, दुपारी झोप आणि चार वाजता गणित, चांगलं दीड तास. पहिली वीस मिनिटं मी प्रेमळ बाप असायचो, पुढची वीस मिनिटं कडक मास्तर, आणि त्यानंतर जे काही असायचो ते इथं लिहिण्यासारखं नाही. वही भरायची, पोरगीचे डोळे भरायचे, आतल्या खोलीतून आज्जीचा आवाज यायचा, "अरे, मारतोस काय तिला?" शेवटी एकदाची गणितं बरोबर यायची आणि मी विजयी मुद्रेनं चहा मागायचो. पुढच्या रविवारी पाटी पुन्हा कोरी! "अगं, गेल्या रविवारी येत होतं की तुला!" हे वाक्य मी वर्षभरात किती वेळा म्हणालो असेन, त्याचा हिशेब मलाच येणार नाही.

आमच्या बोळाच्या तोंडाशी एक जुनी तालीम आहे. तिथले वस्ताद आता सत्तरी ओलांडलेले, संध्याकाळी बाकड्यावर बसून असतात. अशाच एका रविवारी मी डोकं शांत करायला बाहेर पडलो, तर त्यांनी हटकलं.

"आठवड्यातनं एकदाच मेहनत करून घेता व्हय पोरीकडनं?"

सगळा आवाज बोळात ऐकू जात होता तर. मी ओशाळून हसलो.

"रविवारी हजार जोर मारून कोण पैलवान झालंय काय? उलट सोमवारी अंग धरतंय. रोज थोडं घ्यावं. आणि दम हाय तवरच उठवावं. उद्या परत यावंसं वाटलं पायजे पोराला."

मी जागच्या जागी थांबलो. ज्या गावात खासबाग मैदान आहे, ज्या गावात पहाटे आखाड्यातली माती अंगाला लावून पोरं मोठी होतात, त्या गावात जन्म काढून मला हे सुचलं नव्हतं! तालीम हा शब्द अरबीतून आला आणि त्याचा मूळ अर्थच शिक्षण. आपण कोल्हापूरकरांनी तो आखाड्याला चिकटवला, आणि शिक्षणाला मात्र तालमीची रीत लावायची विसरलो.

आता प्रश्न वेळेचा. रोज कधी? सकाळी शाळेची घाई, संध्याकाळी मी दमलेला. पण स्वयंपाकघरात माझ्याकडं एकमेव जबाबदारी आहे: सकाळचं दूध तापवणं. म्हशीचं दीड लिटर, मंद आचेवर, वर यायला दहा-बारा मिनिटं लागतात. ती दहा-बारा मिनिटं मी रोज तिथं नुसता खांबासारखा उभा असायचो (आणि तरी दूध उतू जायचं, ते फोनमुळं). म्हटलं, हीच वेळ! एक दोन फुटी फळा आणला, स्वयंपाकघराच्या दाराशेजारी खिळा मारून टांगला, खडूचा डबा ठेवला. नियम एकच. दूध गॅसवर चढलं की खडू हातात. दूध वर आलं की खडू खाली. गणित अर्ध्यात असलं तरी खाली.

पहिल्या दिवशी मी तीन वजाबाक्या लिहिल्या. तिनं झरझर सोडवल्या.

५२ – २७ = ३५
६१ – ३८ = ३७
४३ – १९ = ३६

वही असती तर मी तीन लाल फुल्या मारल्या असत्या आणि "लक्ष कुठंय तुझं?" म्हणून पुढच्या दहा गणितांकडं वळलो असतो. पण इथं पुढची गणितंच नव्हती. होतं फक्त दूध, आणि ते काही घाई करत नव्हतं. म्हणून मी ती उत्तरं नुसती बघत राहिलो. मग विचारलं, "कसं केलीस गं हे?"

"मोठ्यातनं लहान घालवायचा. सातातनं दोन गेले, पाच. पाचातनं दोन गेले, तीन. मी बरोबर केलोय की!"

अहो, तिन्ही चुका एकाच कायद्यानं झाल्या होत्या! प्रत्येक घरात वरचा-खालचा न बघता मोठ्यातून लहान वजा. तिसरीपासून ती हेच करत आली असणार, आणि मी वर्षभर तिला लक्ष दे, लक्ष दे म्हणत होतो. ती लक्षच देत होती, मनापासून, एका चुकीच्या नियमाकडं. दीड तासाच्या गणितात मला जे कधी दिसलं नाही ते तीन गणितांत दिसलं. मी इतका हरखलो की चुकलेल्या गणितांबद्दल पोरगीला शाबासकी देऊन बसलो. ती बावचळली.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर काही लिहिलं नाही. आदल्या संध्याकाळी आम्ही कपिलतीर्थ मंडईत गेलो होतो. भाजी झाली सत्तावीस रुपयांची, मी पन्नासची नोट दिली. मावशींनी वजाबाकी केली नाही. त्यांनी माझ्या तळहातावर तीन रुपयांची नाणी ठेवली आणि म्हणाल्या, "तीस." मग दहाच्या दोन नोटा ठेवल्या, "चाळीस, पन्नास." वर कोथिंबिरीच्या चार काड्या. सकाळी मी लेकीला एवढंच विचारलं, "मावशींनी सुट्टे कसे दिले?" तिनं खडू उचलला आणि लिहिलं: २७, ३०, ५०. मग थोडं थांबून स्वतःहून पुढं ५२. मधल्या उड्या मोजल्या: तीन, वीस, दोन. पंचवीस. आणि कालच्या, मुद्दाम न पुसलेल्या ३५कडं ती वळली. "मग हे पस्तीस कुठनं आलं?"

हा प्रश्न मी विचारला नव्हता. तिनं विचारला! दूध वर आलं. खडू खाली.

तिसऱ्या दिवशी ओट्यावर दहाच्या पाच नोटा आणि दोन नाणी मांडली. "आता यातनं मला सत्तावीस दे." दोन नोटा दिल्या, आणि सात नाणी द्यायला गेली तर हातात दोनच. क्षणभर नाण्यांकडं बघितलं, नोटांकडं बघितलं. मग एक नोट उचलून आज्जीकडं पळाली, "आज्जी, सुट्टे दे!" आणि दारातनंच ओरडली, "हातचा म्हणजे सुट्टे व्हय!"

व्हय, बाळा. हातचा म्हणजे सुट्टे. हे मला चाळिशीत कळलं. मी आजवर 'शेजाऱ्याकडून एक उसना घ्यायचा' एवढंच घोकून पास होत आलो होतो.

त्यानंतर मला जे भरतं आलं ते विचारू नका. करवीर नगर वाचन मंदिरात जाऊन बसायला लागलो. १८५०पासूनचं ग्रंथालय, आणि मी तिथं दिवाळी अंकांपलीकडं कधी गेलो नव्हतो! कळलं, की हेर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानं १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून आपण किती झपाट्यानं विसरतो ते मांडलं होतं. निरर्थक अक्षरं पाठ करायची, मग थांबून किती उरलं ते मोजायचं. बरंचसं पहिल्या काही तासांतच जातं, राहिलेलं सावकाश जातं. आणि पाठांतर एकाच बैठकीत कोंबण्यापेक्षा दिवसांवर विभागलं तर कमी कष्टात टिकतं. म्हणजे माझा रविवारचा दीड तास सोमवार उजाडेपर्यंत अर्धाअधिक वाहून जात होता. कळलं, की जपानमध्ये तोरू कुमोन नावाच्या गणिताच्या शिक्षकानं १९५४मध्ये दुसरीतल्या आपल्या मुलासाठी रोज थोडी थोडी गणितं हातानं लिहून द्यायला सुरुवात केली, आणि त्यातूनच पुढं जगभर पसरलेले ते कुमोनचे वर्ग उभे राहिले. बापानं लिहिलेला कागद! मी एकदम जपानशी नातं जोडून मोकळा झालो.

पण खरा उडालो तो जयंत नारळीकरांच्या 'चार नगरांतले माझे विश्व'मुळं. नारळीकर १९ जुलै १९३८ला जन्मले ते इथं, आपल्या कोल्हापुरात. वडील बनारसला गणिताचे प्राध्यापक, त्यामुळं बालपण तिकडं. त्या बनारसच्या घरात भिंतीवर मुलांसाठी फळे होते. मोरेश्वर हुजूरबाजार हे त्यांचे मामा शिकायला त्यांच्या घरी राहायचे. ते फळ्यावर भाच्यासाठी एक अवघड गणित लिहून ठेवत. ते तसंच राहायचं. एकतर भाच्यानं सोडवायचं, नाहीतर हार मानायची. येता-जाता ते गणित पोराकडं बघत असणार! मी पुस्तक मिटलं आणि आमच्या दोन फुटी फळ्याबद्दल मला असा काही अभिमान वाटला, की विचारू नका. आमच्याकडनं कोणी नारळीकर निघेल असं नव्हे हो. पण घरातल्या भिंतीवर गणित असू शकतं, देवाच्या तसबिरीसारखं, घड्याळासारखं, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

"यात नवीन ते काय?" आज्जी म्हणाली. तिला माझ्या जर्मन-जपानी गोष्टींचा कंटाळा आला होता. "दिवेलागणीला आमचा परवचा असायचा की. शुभंकरोती झालं की मांडी घालून पाढे. मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. ते झाल्याशिवाय ताट नाही."

"औटकी म्हणजे?" लेकीनं विचारलं.

"साडेतीनचा पाढा." आणि आज्जी डोळे मिटून सुरू झाली: साडेतीन, सात, साडेदहा, चौदा, साडेसतरा, एकवीस... तिच्या तोंडून ते असं वाहत होतं की ऐकणाऱ्याची मान आपोआप डोलावी. सोळा आण्यांचा रुपया, शेर-पावशेरांचं वजन. त्या बाजारात पाव आणि पाऊण डोक्यात नसेल तर माणूस रोज फसायचा. १९५७मध्ये दशमान नाणी आली आणि हळूहळू औटकी अंकलिपीतून उठून आज्जीच्या डोक्यात जाऊन बसली.

म्हणजे रोजचं थोडं गणित ही आपल्याच घरची वस्तू होती! मी ती बनारस, जर्मनी आणि जपान फिरून शोधत होतो, आणि ती आतल्या खोलीत जपमाळ ओढत बसली होती. परवच्यात 'का' विचारायची सोय नव्हती, हे खरं. पण पाढा तोंडात असला की डोकं 'का' विचारायला मोकळं राहतं, हे मला फळ्यासमोर रोज दिसतं. आता आमच्याकडं सकाळी फळा आणि संध्याकाळी आज्जीचा एक पाढा, असं दोन्ही चालतं. आज्जीला बढती मिळाल्यासारखं झालंय.

आणि शब्दांची गंमत तर अजून सांगितलीच नाही! एका सकाळी मी म्हणालो, "लिही, एकोणसत्तर." तिनं लिहिलं ७९. सत्तर ऐकलं, सात लिहिला. नऊ कुठंतरी असतो म्हणून नऊ लिहिला. मी चिडणार, तेवढ्यात माझ्याच कानात तो शब्द फुटला. एकोण! एक उणा! एकोणसत्तर म्हणजे सत्तराला एक कमी. आपली भाषा वजाबाकी करत बोलते! एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस... आम्ही दोघं मोजत सुटलो. एकोणनव्वदपर्यंत गाडी छान आली आणि पुढं अडली. "मग नव्व्याण्णव का? एकोणशंभर का नाही?" ती म्हणाली. माझ्याकडं उत्तर नव्हतं. दूध मात्र वर आलं.

२०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला 'वीस एक' असं वाचन आलं, तेव्हा महाराष्ट्रभर केवढा गदारोळ झाला होता. चहाच्या गाड्यावर हसणाऱ्यांत मीही होतो. बालभारतीच्या गणित समितीचं काम बघणाऱ्या मंगला नारळीकर सांगत होत्या, की मराठीत बोलताना एकक आधी येतो आणि लिहिताना दशक आधी, त्यात पोरं अडखळतात. आता माझी पोरगी 'त्रेपन्न' ऐकून आधी ३ लिहिते आणि मग त्याच्या डाव्या बाजूला ५ घुसवते, हे मी रोज बघतो. अंकांची जुनी नावं जपावीत की सोपी करावीत यावर भांडणारे भांडोत. पण अडचण खरी आहे हे कळायला मला फळ्यासमोर उभं राहावं लागलं. ते हसणं आठवलं की कान गरम होतात.

सगळंच गोड झालं असं नाही. तिसऱ्या आठवड्यात मला हाव सुटली. एवढ्या दहा मिनिटांत एवढं होतंय, तर अर्ध्या तासात काय होईल! दूध उतरवल्यावरही मी खडू खाली ठेवू देईना. पहिल्या दिवशी तिनं केलं. दुसऱ्या दिवशी जांभया. तिसऱ्या दिवशी पोट दुखायला लागलं. चौथ्या दिवशी खडूचा डबाच गायब. तो आठवडाभरानं तांदळाच्या पिंपामागं सापडला. वस्तादांना सांगितलं तर ते नुसते हसले. मी गुमान दुधाच्या कायद्यावर परत आलो. तेव्हा कुठं मला समजलं, की दूध हे निव्वळ घड्याळ नव्हतं. तो पंच होता. थांबायचं मी म्हणत नव्हतो, तीही म्हणत नव्हती. दूध म्हणत होतं. त्याच्याशी भांडता येत नाही.

आता आमची रीत ठरून गेलीय. एक गणित कालचं, एक मागच्या आठवड्यातलं, एक नवं. घड्याळ लावून शर्यत नाही. चूक पुसायची नाही, शेजारी बरोबर लिहायचं. आणि रविवारी सुट्टी! गणिताला आणि मला.

आणि आता कापरेकर. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, नाशिकजवळच्या देवळालीचे शाळामास्तर. आयुष्यभर अंकांशी खेळत बसले; १९७५मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या 'सायंटिफिक अमेरिकन'च्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं, तेव्हा जगाचं लक्ष गेलं. त्यांचा खेळ असा. चार अंकी कुठलीही संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक मोठ्याकडून लहानाकडं लावा, मग लहानाकडून मोठ्याकडं लावा, आणि वजा करा. जे येईल त्याचं पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तुम्ही ६१७४वर पोचता, आणि तिथनं हलता येत नाही! बरं, यातली एकही वजाबाकी हातच्याशिवाय होत नाही, कारण एककाच्या घरात वर नेहमी लहान अंक आणि खाली मोठा. रविवारी मारूनमुटकून होत नव्हत्या त्या वजाबाक्या आता पोरगी मागून घ्यायला लागली.

पहिली संख्या मी दिली १९१७. राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं ते साल. पोराला शाळेत न धाडणाऱ्या आईबापांना महिना एक रुपया दंड. तिनं मांडलं:

९७११ – ११७९ = ८५३२
८५३२ – २३५८ = ६१७४

दोनच पावलांत! शाहू महाराजांचं साल दोन पावलांत घरी! मी तिथंच नाचलो, आणि त्याच दिवशी दूध उतू गेलं. साडेतीन महिन्यांतलं ते एकमेव. आख्खा ओटा पांढरा, करपल्याचा वास, बायको दारात कमरेवर हात ठेवून. "दोघंबी पुसा," ती म्हणाली. आम्ही पुसलं.

त्यानंतर मध्ये चांगले दोन-अडीच आठवडे गेले. गुणाकार झाले, घड्याळ झालं, मंडई झाली. मग एका सोमवारी नारळीकरांचं साल फळ्यावर चढलं: १९३८. म्हटलं, हेही दोन पावलांत येईल. कसलं काय! सोमवारी ८४४२ आणि ५९९४. मंगळवारी ५३५५ आणि १९९८. आम्ही काही पुसलं नाही, बनारसच्या फळ्यासारखं तसंच राहू दिलं. ऑफिसात माझं लक्ष लागेना. बुधवारी ८०८२ आलं, आणि तिनं पुढचं मांडलं, ८८२० – ०२८८, आणि ८५३२ लिहिलं, तेवढ्यात दूध वर आलं.

"पप्पा, एकच राहिलंय!"

माझा हात गॅसकडं गेला आणि थांबला. खरं सांगतो, मलाच राहवत नव्हतं. पण तांदळाच्या पिंपामागचा खडूचा डबा आठवला. गॅस बंद केला. "खडू खाली."

तिनं तोंड फुगवलं, दप्तर उचललं, चप्पल घातली. मी पातेल्यावर झाकण ठेवत होतो. ती बोळाच्या तोंडाशी, तालमीपर्यंत पोचली असेल, आणि तिथनं सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा आवाज आला:

"पप्पा! ८५३२ शाहू महाराजांच्यात आलं होतं की! आता ६१७४च येणार, करायची गरजच नाही!"

बाकड्यावर बसलेले वस्ताद तिच्याकडं बघत होते, मग माझ्याकडं. मी हातात सांडशी घेऊन तसाच दारात उभा होतो.